ट्रॉफी आली आणि टीम गेली : आमच्या कॉलेज हॉकीचं बिनसलं कुठे?

निळी_रेघ
आधीच सांगतो, हा बर्फावरच्या हॉकीचा धागा आहे, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण इथे आमच्या बॅचचे काही लोक आहेत आणि एक जण तर अजून तिथेच नोकरीला आहे.

एमएसला आलो तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. रूममेटने ओढत नेलं, विद्यार्थ्यांना तिकीट जवळजवळ फुकट, आणि मग जे व्यसन लागलं ते लागलं. पुढे आमची टीम नॅशनल चॅम्पियन झाली. त्या टीमची पहिली लाइन (पुढे खेळणारं त्रिकूट) म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये, तिघांपैकी एकालाही एनएचएलने, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रो लीगने, ड्राफ्ट केलेलं (निवडून ठेवलेलं) नव्हतं, पण कोपऱ्यात पक (रबराची चकती) गेला की असे तुटून पडायचे की समोरचा डिफेन्समन पक सोडून स्वतःला वाचवायचा.

आता गेल्या शनिवारचा नमुना बघा. एका गोलने मागे, तिसरा पिरियड, पाच विरुद्ध तीन असा पॉवर प्ले (समोरचे दोघे पेनल्टीवर बाहेर). आमचे पाचही जण बाहेरच्या बाहेर पक फिरवतायत, पॉइंटवरून (निळ्या रेघेपाशी) डावीकडे, डावीकडून परत पॉइंटला, गोलीच्या (गोलकीपरच्या) समोर एकही माणूस उभा नाही, त्याला पक स्वच्छ दिसतोय. अख्खं स्टेडियम 'शूट' म्हणून बोंबलतंय. शेवटी शॉट मारला तो समोरच्याच्या नडगीवर, पक उसळून निळ्या रेघेबाहेर, म्हणजे हल्ल्याच्या भागाबाहेर, पेनल्टी संपली. माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा उठले, कोट घातला आणि निघून गेले. ते कधी मॅच संपायच्या आधी उठत नाहीत.

माझं म्हणणं असं की ट्रॉफी आल्यावर आमच्या लोकांना वाटायला लागलं आता आपण 'मोठे' झालो, आता मोठ्यांसारखी पोरं आणायची. म्हणजे अठरा वर्षांची, ड्राफ्ट झालेली, हायलाइट्सवाली. ती एक वर्ष खेळतात, मार्चमध्ये हरतात आणि एप्रिलमध्ये प्रो करार करून पसार. ज्या प्रकारच्या पोरांनी जिंकून दिलं ती पोरं आणणंच बंद झालं. वर मोठा स्क्रीन आला, काचेचे सूट्स (पैसेवाल्यांसाठी खास खोल्या) आले, आणि गोलमागे उभे राहून बोंबलणाऱ्या विद्यार्थ्यांना वर कोपऱ्यात पाठवलं.

सीझन तिकीट रिन्यू करायची मुदत महिनाअखेर आहे. करू की सोडू?

ध्यानस्थ
मी 'कॉलेज हॉकी' वाचून ध्यानचंद, अ‍ॅस्ट्रोटर्फ वगैरे समजून आलो होतो. इथे नडग्या फुटतायत. असो, बसतो कोपऱ्यात, वाचतोय.

तिरकस
विद्यार्थ्यांना कोपऱ्यात पाठवलं म्हणजे निदान कोपऱ्यात कोणीतरी आहे म्हणायचं. टीम तर जात नाही.

नाना_मिशिगनकर
निळी_रेघ, तुमचं दुःख खरं आहे पण जरा उत्तरेला सू सेंट मरीला जाऊन बघा. लेक सुपिरियर स्टेट. एवढंसं कॉलेज, बाकी सगळे खेळ डिव्हिजन २ मध्ये, फक्त हॉकी डिव्हिजन १. त्यांनी १९८८, १९९२ आणि १९९४ अशा तीन ट्रॉफ्या नेल्या. ९४ ची फायनल तर बॉस्टन युनिव्हर्सिटीला ९-१ ने धुतलं होतं. फायनलमध्ये ९-१! मी तेव्हा नवीन होतो देशात, मला वाटलं हे कायम असंच असतं.

मग १९९६ नंतर नॅशनल टुर्नामेंटचं तोंड पाहायला २०२१ उजाडावं लागलं. पंचवीस वर्षं. मधल्या काळात मुलं जन्मली, शिकली, नोकरीला लागली. कोच गेला, मोठ्या कॉलेजांकडे पैसा आला, मग २०१३ मध्ये बिग टेन या मोठ्या कॉलेजांच्या गटाने स्वतःची हॉकी कॉन्फरन्स (आपापसात खेळणारा गट) काढली, बाकीच्या बलाढ्यांनी एनसीएचसी काढली, जुनी कॉन्फरन्स सीसीएचए बंदच पडली (पुढे २०२१ ला परत चालू झाली म्हणा). मिशिगन आणि मिशिगन स्टेट दरवर्षी तुमच्या गावात खेळायला येणार हे जे लहान कॉलेजांना मिळायचं ते गेलं. तिकीटविक्री त्याच्यावर असायची.

बोलिंग ग्रीनचंही तेच. १९८४ ला चार ओव्हरटाइम खेळून चॅम्पियन झाले आणि १९९० नंतर टुर्नामेंटमध्ये परत आले ते थेट २०१९ ला. तुमची किती वर्षं झाली, चार-पाच? अजून दुधाचे दात आहेत तुमच्या दुःखाला.

निळी_रेघ
नाना, सांत्वन करताय का मीठ चोळताय :)
पण तुमच्या उदाहरणात कॉलेजकडे पैसा नव्हता. आमच्याकडे ट्रॉफीनंतर पैसा आला आणि मग घसरण झाली. माझी चिडचिड त्यासाठी आहे.

आकडेमोड
मला यात कोचची 'वृत्ती बदलली' वगैरे काही दिसत नाही. नॅशनल टुर्नामेंट म्हणजे सोळा टीम, एक मॅच हरली की घरी. चार मॅच सलग जिंकायच्या. एनएचएलसारखी सातांची सिरीज नाही. अशा रचनेत एखादा गोली तापला की काहीही होतं.

२०१३ चं येल घ्या. सोळा टीममध्ये पंधरावं सीडिंग. त्याच सीझनमध्ये क्विनिपियाककडून तीनदा हरले होते, आणि फायनलला त्याच क्विनिपियाकला ४-०. ते काय अचानक देशातले सर्वोत्तम झाले होते का? छान टीम होती, योग्य वेळी जुळून आलं. मग पुढच्या वर्षी टुर्नामेंटला नव्हते, तर लोक म्हणाले घसरण. घसरण नाही हो, ती त्यांची नेहमीची उंची. चाहते शिखराला सरासरी समजतात आणि मग आयुष्यभर रडतात.

आता गोली. कॉलेजच्या मॅचला साधारण तीस शॉट्स धरा. सेव्ह टक्केवारी (अडवलेल्या शॉट्सचं प्रमाण) .९२० असेल तर मॅचला २.४ गोल खाल्ले. .८९० झाली तर ३.३. म्हणजे ऐकायला तीन टक्के, प्रत्यक्षात मॅचमागे जवळपास एक अख्खा गोल. कॉलेजमध्ये निम्म्या मॅचेस एका गोलाच्या आसपास असतात असं डोळ्यांना दिसतंच. तुमच्या चॅम्पियन वर्षाचा गोली कोण होता आणि आता कोण आहे ते सांगा, बाकी निबंध नको.

निळी_रेघ
चॅम्पियन वर्षाचा गोली सीनियर होता, चौथं वर्ष. त्यानंतर दरवर्षी नवा. एक पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आला, दुसऱ्या वर्षी पोर्टलमधूनच गेला.

आकडेमोड
धागा बंद करायला हरकत नाही.

वैदर्भी_इन_बॉस्टन
अजिबात नाही बंद करायचा, मी आत्ता आले!!

आकडेमोड, गोलीचं मान्य, पण निळी_रेघ म्हणतायत त्यात तथ्य आहे. मिशिगनचं २०२१-२२ आठवतंय? २०२१ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या पाच नावांपैकी चार एकाच कॉलेजच्या टीममध्ये. पॉवर पहिला, बेनियर्स दुसरा, ल्यूक ह्यूज चौथा, केंट जॉन्सन पाचवा. आमच्या बॉस्टनच्या गार्डन स्टेडियममध्येच फ्रोझन फोर (शेवटच्या चार टीमची फेरी) होती, मी तिकीट काढून गेले होते की ही टीम एकदा डोळ्याने बघू. सेमीफायनलला डेन्व्हरने ओव्हरटाइममध्ये ३-२ ने घरी पाठवलं. डेन्व्हरची पोरं मधल्या भागात जागाच देत नव्हती, एक एक फुटासाठी भांडत होती. पुढे २०२३ आणि २०२४ लाही मिशिगन सेमीफायनलला हरलं. नऊ ट्रॉफ्या आहेत त्यांच्याकडे, शेवटची १९९८ ची.

आणि २०१४ चं युनियन! तेव्हा खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा देत नसत तिथे. सेमीफायनलला बॉस्टन कॉलेज, फायनलला मिनेसोटाला ७-४. म्हणजे थोराड, एकत्र वाढलेली टीम जिंकते हे वारंवार दिसलंय.

मिनेसोटाची_माई
युनियनचं नाव काढायची गरज होती का. आणि आता कोणीतरी २०२३ काढेल.

तिरकस
माई, २०२३ ला काय झालं होतं? फायनलला २-० ने पुढे होता ना तुम्ही? :)

मिनेसोटाची_माई
हो. मग क्विनिपियाकने बरोबरी केली. मग ओव्हरटाइम सुरू झाला आणि मी पाणी आणायला उठले, दहा सेकंदात संपलं. दहा! ग्लास भरला पण नव्हता. आमच्या राज्यात पोरं चालायच्या आधी स्केटिंग करतात आणि आमची शेवटची ट्रॉफी २००३ ची. त्यामुळे ज्यांनी अलीकडे जिंकलंय त्यांनी या धाग्यावर माझ्यासमोर रडू नये.

झॅम्बोनीवाला
माझा अनुभव थोडा वेगळा. मी शिकत असताना रिंकवर पार्टटाइम काम करायचो (आयडी त्यावरूनच, पण झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करायचं मशीन, मला फक्त रिकाम्या रिंकवर चालवू दिली). आमच्या कॉलेजची टीमही एकदा चांगली होती, मग ढासळली. आतून जे बघितलं ते लिहितो.

चांगल्या वर्षात सराव संपल्यावर सीनियर पोरं बर्फावरून उतरायची नाहीत. नव्या पोराला घेऊन गोलसमोर उभी करायची, पॉइंटवरून शॉट, टिप कर (वाटेत पक वळव), परत शॉट, परत टिप कर. कोच तोपर्यंत ऑफिसात गेलेला असायचा. आम्ही मशीन घेऊन गेटपाशी उभे, हात दाखवतोय की बाबांनो उतरा, आणि ते अजून पाच मिनिटं अजून पाच मिनिटं. दोन वर्षांनी तेच कॉलेज, तोच कोच, सराव संपला की तीन मिनिटांत बर्फ रिकामा. आम्हाला बरं होतं, लवकर घरी.

ती सीनियर मंडळी कुठून येतात? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कॉलेजात टिकलेली पोरं चौथ्या वर्षी सीनियर होतात. टिकलीच नाहीत तर शिकवणार कोण. हे काही कोचने ठरवून केलेलं नव्हतं. पूर्वी हॉकीत कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, २०२१ पासून ती अट गेली. तिसऱ्या लाइनवर खेळणारा पोरगा पूर्वी वाट बघायचा की पुढच्या वर्षी दुसरी लाइन मिळेल, आता एप्रिलमध्ये पोर्टलमध्ये नाव टाकतो.

नाना_मिशिगनकर
झॅम्बोनीवाला, एकदम पटलं. आणि याचं ताजं उदाहरण डुलुथ. मिनेसोटा डुलुथने २०१८, २०१९ लागोपाठ ट्रॉफी नेली, २०२० ची टुर्नामेंट कोविडने रद्द झाली, २०२१ ला क्वार्टर फायनल नॉर्थ डकोटाबरोबर पाच ओव्हरटाइम खेळून जिंकले. टुर्नामेंटच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅच. मग २०२३, २४, २५ तिन्ही वर्षं टुर्नामेंटच्या बाहेर. कोच तोच, २००० पासून आहे. त्यांच्याकडे आयझॅक हॉवर्ड म्हणून एक पोरगा पहिलं वर्ष खेळला, मग आमच्या मिशिगन स्टेटला आला आणि २०२५ चा होबी बेकर पुरस्कार घेऊन गेला, म्हणजे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. डुलुथवाल्यांना काय वाटलं असेल!

निळी_रेघ
'आमच्या' मिशिगन स्टेटला? नाना, म्हणजे तुम्ही पोर्टलचे लाभार्थी आहात आणि इथे सांत्वन वाटताय.

नाना_मिशिगनकर
अहो बारा वर्षं भोगलंय. २००७ ला चॅम्पियन, शेवटचे एकोणीस सेकंद उरले असताना गोल. २०१२ नंतर टुर्नामेंट नाही ती २०२४ पर्यंत. मधे दोन कोच झाले. बिग टेनमधलं श्रीमंत कॉलेज, त्यामुळे पैसा नव्हता असंही म्हणता येत नाही. तिसरा कोच २०२२ ला आला आणि दोन वर्षांत बिग टेन जिंकली. म्हणून म्हणतो कोच महत्त्वाचा. (२०२५ ला पहिल्याच फेरीत कॉर्नेलकडून हरलो ते कोणी काढू नये.)

मिनेसोटाची_माई
काढलं.

पेनल्टीबॉक्स
मधेच बोलते. न्यू हॅम्पशायरला घरच्या टीमचा पहिला गोल झाला की विद्यार्थी बर्फावर अख्खा मासा फेकतात हे खरंय का? नवरा म्हणतो खरंय, मला वाटतं गंडवतोय.

वैदर्भी_इन_बॉस्टन
खरंय. मी पाहिलाय. बर्फावर सरकत गेला पार गोलपर्यंत. फायनल मात्र दोन्ही वेळा हरले, १९९९ आणि २००३.

ध्यानस्थ
मासा ताजा असतो का? म्हणजे नंतर काय करतात त्याचं?

तिरकस
पॉवर प्लेला पाठवतात. गोलीसमोर निदान पडून तरी राहतो.

निळी_रेघ
तिरकस, हे आमच्या कोचला मेल करणार आहे.

कोपऱ्यातला_पक
मी वेगळा सूर लावतो, शिव्या घालू नका. पोरांनी लवकर प्रो होणं, कॉलेज बदलणं यात चूक काय? चाहत्यांना चार वर्षं तीच चेहरेपट्टी हवी असते म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलाने लाखो डॉलरचा करार सोडायचा? सेलेब्रिनी बॉस्टन युनिव्हर्सिटीला एक वर्ष खेळला, होबी बेकर घेतला, ड्राफ्टमध्ये पहिला गेला आणि निघाला. बरोबरच केलं. कोच तर करार मोडून मोठ्या पगारावर जातातच की, तेव्हा कोणी निष्ठा काढत नाही.

आणि धागाकर्त्याला एक प्रश्न, ती चॅम्पियन टीम तेवीस-चोवीसची होती म्हणजे ती पोरं ज्युनियर लीगमध्ये दोन-तीन वर्षं काढून एकवीसाव्या वर्षी कॉलेजला आली असणार. अशा पोरांवर आता सगळ्यांचा डोळा आहे. त्यात ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियरची, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल मधली पोरंही कॉलेजला खेळू शकतात. आधी त्यांना प्रो समजून दार बंद होतं. आता त्या लीगमधली वीस वर्षांची तयार पोरं थेट येतायत. तुमच्या कॉलेजने जुनीच पद्धत चालू ठेवली असती तरी ती पोरं मिळाली असती का?

निळी_रेघ
कोपऱ्यातला_पक, पोरांवर राग नाही माझा. त्यांनी जावं, खुशाल जावं. मला राग येतो ते असं की ते जाणार हे माहीत असूनही सगळी टीम त्यांच्याभोवती बांधायची. दोन स्टार ठेवा, बाकी सोळा टिकणारे ठेवा. डेन्व्हर काय करतं? त्यांचीही पोरं लवकर जातात, तरी २०२२ आणि २०२४ दोन्ही नेल्या, एकूण दहा झाल्या. म्हणजे जमतं. आणि कॅनडाच्या पोरांबद्दल म्हणाल तर ती दारं उघडायच्या आधीच आमचा पॉवर प्ले आंधळा झाला होता.

आकडेमोड
डेन्व्हरचं उदाहरण सगळे देतात, पण डेन्व्हर एकच आहे. दहा ट्रॉफ्यांचं कॉलेज 'जमतं' म्हणून दाखवायचं म्हणजे काय. उलट २०२५ बघा, वेस्टर्न मिशिगन. टुर्नामेंटमध्ये पहिला विजयच मुळात २०२२ ला मिळाला होता त्यांना. तीन वर्षांनी सेमीफायनलला त्याच डेन्व्हरला डबल ओव्हरटाइममध्ये हरवलं आणि फायनलला बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२. पोर्टलच्याच जमान्यात. म्हणजे नियम बदलल्याने लहान कॉलेजं संपली हेही खरं नाही.

यूमास २०१६-१७ ला पाच मॅच जिंकलं होतं अख्ख्या सीझनमध्ये. २०१९ ला फायनल, २०२१ ला चॅम्पियन. वर जायला चार वर्षं लागली. खाली यायला तेवढीच लागली तर आश्चर्य काय.

झॅम्बोनीवाला
पण यूमासच्या त्या पाच विजयांच्या सीझनला कोच नवाच आला होता आणि त्याला हात लावला नाही कोणी. आज पाच जिंकले तर देणगीदार डिसेंबरमध्येच फोन करतील.

वैदर्भी_इन_बॉस्टन
देणगीदारांवरून आठवलं, ते काचेचे सूट्स. आमच्याकडे एका रिंकवर हेच झालं. त्या सूटमधले लोक पहिल्या इंटरमिशननंतर खाण्यापाशी उभे असतात, बर्फाकडे पाठ. टीव्हीवर मॅच दिसते तेव्हा गोलमागे रिकाम्या खुर्च्या. पेप बँड वाजवतंय आणि त्याला उत्तर द्यायला समोर कोणी नाही. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो मुख्यतः एकोणीस वर्षांच्या, आवाज बसलेल्या पोरांमुळे असतो हो. समोरच्या गोलीला पूर्ण साठ मिनिटं नावानिशी चिडवायला वेळ आणि दम दुसऱ्या कोणाकडे आहे?

माझ्या मते निळी_रेघ यांची खरी तक्रार इथे आहे. टीम हरते हे दुःख सहन होतं, पण हरताना शेजारी कोणी नसतं ते होत नाही.

कोपऱ्यातला_पक
हे मात्र शंभर टक्के. +१

पेनल्टीबॉक्स
मूळ प्रश्न कोणी घेणार आहे का? तिकीट रिन्यू करायचं की नाही?

नाना_मिशिगनकर
करा. वाईट वर्षात सोडलेली जागा चांगल्या वर्षात परत मिळत नाही, मी सोडली होती. आता रांगेत आहे.

आकडेमोड
करू नका. सीझन हरण्यात गेला की बाहेर तिकिटं दर्शनी किमतीच्या खाली मिळतात. हव्या त्या शुक्रवारी जा, शनिवारी घरी बसा. आणि तीन गोलींपैकी परत कोणी येतोय का ते आधी बघा.

मिनेसोटाची_माई
रिन्यू कर रे बाबा. नाहीतर शनिवारी संध्याकाळी काय करणार आहेस, तू सांग.

तिरकस
दोन घ्या. एक माशासाठी.

निळी_रेघ
एकच रिन्यू करतोय, दोन होती. बायकोने स्पष्ट सांगितलं की ती परत येईल तेव्हा गोलीसमोर माणूस उभा असला पाहिजे, आणि ती अट मला रास्त वाटते. जागा बदलून मागितली आहे, सूट्सची बाजू नको, विद्यार्थ्यांच्या कोपऱ्याजवळची. तिथून लांबची निळी रेघ नीट दिसत नाही असं ऑफिसमधली बाई म्हणाली. म्हटलं चालेल, तिथे फारसं काही घडत नाही.

नाना, तुमची टीम आमच्याकडे खेळायला येणार आहे पुढच्या सीझनला, वेळापत्रक आलं की विपू (खासगी निरोप) करतो. येताना तो होबी बेकरवाल्यासारखा एखादा मागे ठेवून जा.

नाना_मिशिगनकर
येतो. गोली सोडून काहीही मागा.